मागच्या चाकाचं तेल

आधीच सांगून टाकतो, ती गाडी मी हौसेनं घेतलेली नव्हती. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, त्यातही प्रभारी मुख्याध्यापक असलेल्या माणसाला हौस परवडत नाही आणि शोभतही नाही. कळमनुरीचे एक म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करून पुण्याला लेकाकडं निघाले, आणि ‘राठोड सर, हिला तुमच्याशिवाय कोणी सांभाळणार नाही’ असं म्हणून किल्ली माझ्या हातावर ठेवून मोकळे झाले. कोणी आपल्याबद्दल चांगलं बोललं की मला नाही म्हणता येत नाही. या एका दोषापायी मी लग्नसुद्धा करून बसलोय, असं आमची बायको अनुसया सांगते.

गाडी विलायती होती. बिनटपाची, दोनच माणसांची, शर्यतीत पळवायची जात. नाक हे लांब, मागचा भाग तोकडा, आणि दार इतकं ठेंगणं की उघडण्यापेक्षा ओलांडणं सोपं. डॉक्टर तिला स्पोर्ट कार म्हणायचे. हिंगोलीत तिला तसं कोणी म्हणालं नाही. शाळेतली पोरं तिला घमेलं म्हणत. आमचे शेजारी जगनराव हळदीच्या अडतीवर मुनीम आहेत. ते नुसतं ‘सरांचं ते’ म्हणत, आणि तेच मला जास्त लागायचं.

तर हे सरांचं ते, गळत होतं. मागच्या दोन्ही चाकांतून काळं, घट्ट तेल ठिबकायचं. चाकाच्या दांडीभोवती रबराचं एक कडं असतं, त्याला सील म्हणतात. तेल आत राहावं म्हणून ते बसवलेलं असतं. आमची सीलं म्हातारी झालेली, त्यामुळं तेल आत थांबेना. ते ब्रेकवर उतरायचं आणि ब्रेकला तेल लागलं की ब्रेक नावालाच उरतो. त्यातही हातब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. म्हणजे सपाटीवर गाडी उभी राहायची, पण जरा उतार दिसला की हातब्रेक ओढलेला असतानासुद्धा ती आपली निघायची.

आता कोणी म्हणेल, मग नका नेऊ उतारावर. न्यायची नव्हतीच. पण निलमचं लग्न ठरलं.

निलम आमची एकुलती एक पोरगी. आमच्यात, म्हणजे बंजाऱ्यांत, पोरगी सासरी निघाली की बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि गाऊन सगळ्या तांड्याचा निरोप घेते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. (वाड्याशी त्याचा काही संबंध नाही. स्टाफरूममध्ये दर वेळी विचारतात, म्हणून सांगितलं.) माझी आई नानीबाई, आमच्या बोलीत याडी. तिनं निलमला ही हवेली लहानपणापासून मांडीवर घेऊन शिकवलेली. पोरीचा गळाही असा गोड की ऐकणाऱ्याच्या हातातलं काम थांबावं. याडीची एवढीच इच्छा राहिली होती, नातीची हवेली सेनगावाकडच्या आमच्या तांड्यावर, आपल्या माणसांत, डोळ्यांदेखत व्हावी.

अडचण बैलाची होती. तांड्यात आता ट्रॅक्टर चिक्कार, बैल मात्र एकच उरलेला, धर्मसिंगचा. त्यानं मागच्या वर्षी टोचायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरला बाभळीवर चढवलं होतं. निलमनं सरळ सांगितलं, “आजी, त्या बैलावर मी उभी राहनार न्हाई. बापूच्या गाडीत उभी राहून म्हनीन. न्हाईतर गुमान जीपमदी बसून जाईन, अन् हवेली ऱ्हाऊ द्या.”

मला वाटलं याडी चिडेल. ती तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेत म्हणाली, “बैल का अन् गाडी का, पाठ उगडी असली म्हंजी झालं.”

पण तांड्याचा निकाल याडीच्या हातात नसतो, नायकाच्या असतो. रामसिंग नायकांनी बैठक बोलावली, सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली. हवेली त्यांच्या घरापुढच्या चढावरच होते, पिढ्यान् पिढ्या. तिथं गाडी उभी राहायला पाहिजे, आणि चाकाला दगड लावायचा नाही.

“दगड काहून न्हाई, नायक?” मी विचारलं.

“बैलाच्या पायाला कधी दगड लावला व्हता का?” नायक म्हणाले. बैठकीतल्या सगळ्या माना हलल्या. मी बी.एड. आहे, पण याला उत्तर मला आजतागायत सुचलेलं नाही.

म्हणजे एकूण असं झालं, की चाकाचं तेल थांबलं तर निलमची हवेली, नाहीतर पोरगी बोचक्यासारखी जीपमध्ये बसून जाणार आणि याडी ते बघत बसणार. मी कादरभाईला गाठलं.

कादरभाईचं गॅरेज रेल्वे फाटकाजवळ. आम्ही दोघं एका वर्गात होतो; तो सातवीत सुटला, मी अजून तिथंच आहे, असं तो सगळ्यांना सांगतो. हात चांगला, पण एक खोड. त्याचं काम कधीच चुकत नाही. गाडी बिघडली तर लोखंड हलकं असतं, रस्ता खराब असतो, नाहीतर मालकाची नियत. “मेरा काम पक्का है, सर,” हे वाक्य तो आधी बोलतो आणि मग पाना उचलतो.

गाडी फाटकापर्यंत नेताना उतार लागतो, म्हणून तो आमच्या अंगणात आला. मागची बाजू विटांवर चढवली, चाकं काढली, दांड्या ओढून काढल्या. जुनी सीलं चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापासारखी तुटून हातात आली. “ट्रॅक्टरका डालता मैं. ट्रॅक्टर जे झेलतंय त्ये ही बाहुली न्हाई झेलनार?” असं म्हणून त्यानं ट्रॅक्टरची सीलं घासून-ठोकून बसवली. मी गाडी औंढ्याच्या रस्त्यानं फिरवून आणली आणि अंगणात लावली. संध्याकाळच्या चहापर्यंत अनुसयेच्या रांगोळीवर दोन काळी तळी साचली.

“मेरा काम पक्का है,” कादर म्हणाला, “तेलच पातळ आलंय आजकाल.”

गाडी परत विटांवर चढली आणि गल्लीचा मुक्काम आमच्या अंगणात पडला. बिनचाकाची गाडी दिसली की रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला थांबून सल्ला द्यावासाच वाटतो. निवृत्त तलाठ्यांनी डांबर भरायला सांगितलं. एकानं तेलच घालू नका म्हणून सुचवलं, म्हणजे गळायचा प्रश्न मिटला. जगनराव धोतराचा सोगा सावरत खाली वाकले आणि म्हणाले, “सर, हळद दाबा. आमच्या मालकाच्या जीपचं रेडिएटर फुटलं, मूठभर हळद टाकली, तीन वर्सं थेंब न्हाई. आपल्या हिंगोलीच्या हळदीनं बुजत न्हाई असं छिद्र देवानं बनवलंच न्हाई.”

मी भडकलो. “जगनराव, हे यंत्र आहे. गुडघा नाही, हळद लावायला!” एवढ्या जोरात म्हणालो की ओट्यावर तूर निवडत बसलेल्या याडीनं मान वर केली. लग्नाच्या तयारीला ती तांड्यावरून येऊन राहिली होती. मग परत तूर निवडायला लागली. मला वाटलं तिला माझं पटलं.

दरम्यान कादरच्या साडूनं हैदराबादहून अस्सल मापाची सीलं धाडली. पार्सल आल्याचं कळलं आणि मी ते सोडवायला एका कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. पुढच्या महिन्यात तिथंच काम आहे.

खिडकीतला माणूस म्हणाला, “शंकरसिंग राठोड नावाचे सकाळपासून दोन जण येऊन गेले. तुमीच ते कशावरून?”

मी सांगितलं, मी मुख्याध्यापक आहे, प्रभारी.

“मग मुख्याध्यापकाचं ओळखपत्र आणा. सही-शिक्क्याचं.”

“अहो, मुख्याध्यापक मीच. मीच सही करतो.”

“स्वतःच स्वतःला कसं वळखता येईल, सर?” तो अगदी समजुतीनं म्हणाला. मी वेदान्त वाचलेला नाही, तरी मला वाटतं त्यात हाच प्रश्न असावा. वरिष्ठांकडं गेलो तर ते दौऱ्यावर. शेवटी तडजोड निघाली, की शाळेतल्या कोणीतरी येऊन तोंडी ओळख पटवावी. मी आमच्या शाळेच्या शिपाईबाईंना, जनकाबाईंना, घेऊन गेलो. आदल्याच दिवशी मी त्यांना उशिरा आल्याबद्दल बोललो होतो. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जरा बाजूला सरकून कडेनं बघितलं, आणि म्हणाल्या, “हायेत वाटतं.” खिडकीतल्या माणसाला ‘वाटतं’ चालेना. मी जनकाबाईंकडं असं बघितलं की त्यांना दया आली असावी. “हायेत, हायेत,” त्या म्हणाल्या, “असं तोंड दुसऱ्या कुणाचं ऱ्हाईल?”

पार्सल घेऊन मी तडक अंगणात आलो.

नवी सीलं चपखल बसली. कादरनं ब्रेकचे पट्टेही नवे घातले. गाडी अंगणात उभी राहिली, थेंब नाही. रात्र गेली, सकाळ झाली, रांगोळी कोरडी. अनुसयेनं गाडीला कुंकू लावलं. मी जगनरावांच्या दारावरून उगाचच एक चक्कर मारली. आणि नायकांना निरोप धाडला, परीक्षेला येतोय.

भर उन्हाचा तांड्यावर पोहोचलो. शेजारच्या सीटवर याडी पदर दाताखाली धरून बसलेली, आणि मागून मोटरसायकलवर कादर, कारण आपल्या पक्क्या कामाचा सत्कार त्याला बघायचा होता. गाडी नायकांच्या दारापुढच्या चढावर नाक वर करून लावली, हातब्रेक ओढला, यंत्र बंद केलं. दगड लावला नाही. अख्खा तांडा जमलेला.

रामसिंग नायक गाडीभोवती फिरले. मग म्हणाले, “नवरी जशी उबी ऱ्हानार, तसंच बघाया पायजे.” याडीला उतरवून, काठी घेऊन, ते स्वतः सीटवर उभे राहिले. गाडी ढिम्म हलली नाही. वर उभं राहिलं की सगळा तांडा दिसतो आणि तांड्यालाही आपण दिसतो, हे नायकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी भाषणच सुरू केलं. पूर्वी आपले लोक लाखो बैलांवर धान्य लादून मुलूख तुडवायचे, आता काळ बदलला, आपणही बदललं पाहिजे, पुढं गेलं पाहिजे. ‘पुढं’ म्हणताना त्यांनी काठी पुढं केली, आणि गाडी मागं निघाली.

पहिल्यांदा कोणालाच कळलं नाही. इतकी हळू, आवाज न करता निघाली. नायकांना वाटलं मी चालवून राहिलो, तेही या सन्मानानं खूश होऊन हात हलवायला लागले. मी हातब्रेक दोन्ही हातांनी ओढत होतो. पायाचा ब्रेक दाबला तर पुढची चाकं धरली, मागची मात्र सुटलेलीच. गाडी तिरकी झाली आणि उताराच्या तळाशी धर्मसिंगनं नुकतीच शिजवून वाळत घातलेली हळद होती, थेट त्या ओल्या ढिगात मागच्या अंगानं घुसली. नायक काठीसकट मागच्या मागं हळदीत बसले. मी त्यांना उचलायला धावलो आणि तोंडावर पडलो.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आम्ही दोघं उठलो तेव्हा शेंडीपासून टाचेपर्यंत पिवळे होतो. मग कुठलीशी बाई म्हणाली, “अगं बया, नवरीच्या आदी बापालाच हळद लागली की!” आणि त्यानंतर जो हशा उठला, त्याचं वर्णन मी माझ्या तोंडानं करणार नाही. धर्मसिंग तेवढा हसत नव्हता. त्याची हळद होती. नायकांनी बंजारी, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषांत माझा उद्धार केला आणि शेवटी म्हणाले, “बैल आना! बैलावरच हुईल हवेली, न्हाईतर हुनार न्हाई!”

मला निलमचं तोंड दिसायला लागलं. मी मुकाट्यानं मागच्या चाकाजवळ बसलो. तेल भळाभळा वाहत होतं.

“लोखंडच हलकं है,” कादर पुटपुटला, पण त्याचाही आवाज पडला होता.

याडी काठी टेकत आली, खाली वाकून बघितलं आणि वैतागून म्हणाली, “आता काहून गळून राहिली ही? मी तं दोनी बारीला लेप लावला व्हता.”

कादरनं मान वर केली. “कैसा लेप, नानीअम्मा?”

“हळद-चुन्याचा. बैलाला लावतेत तसा. तुमी जेवाया गेलते तवा. त्या मधल्या दांड्याच्या डोक्यावर बारीक छिद्र व्हतं, तिथनं तेल झिरपायचं. तुमा शान्या मानसायला दिसलं न्हाई. चांगलं दाबून बुजवलं मी.”

कादरनं कपाळावर हात मारून घेतला. उताणा होऊन तो गाडीखाली सरकला, बाभळीचा काटा मागून घेतला आणि खरवडायला लागला. हळद-चुना वाळून दगड झाला होता. एकाएकी फुस्स करून इतक्या जोरात हवा सुटली की शेजारची कोंबडी उडाली.

ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. गाडी पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, आणि ती त्या छिद्रातून निघून जाते. याडीनं गाडीचं नाकच बंद केलेलं. अंगणात गार उभी असताना काही नाही, पण पळवून आणली की कोंडलेली हवा तेलाला ढकलायची आणि तेल नव्या सीलांनाही न जुमानता चाकातून बाहेर यायचं. कादर लगेच उभा राहून सगळ्यांना सांगायला लागला, “मैं पहले दिनसे बोल रहा था, हवा का चक्कर है!” तो असलं काहीही बोलला नव्हता.

मी याडीकडं बघितलं. ओरडायला तोंड उघडलं, पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं. “हवेली व्हावी म्हनूनच लावलं रं,” ती म्हणाली. “मला काय म्हाईत, गाडीला बी दम घ्यावा लागतो.” मी आपल्या पिवळ्या हातानं तिचा हात धरला.

नायकांचं मन लवकर वळलं नाही. कादरनं सीलं धुऊन परत बसवली, पट्टे तेल पुसून कोरडे केले, आणि मी गाडी रोज सेनगावपर्यंत तापवून आणून उतारावर लावून दाखवायला लागलो. नायक लांबून, आपल्या ओट्यावरून बघायचे. हळदीचा डाग त्यांच्या मिशीत बरेच दिवस टिकून होता, त्यामुळं ती फजिती विसरायला कोणी तयार नव्हतं. शेवटी लग्न तोंडावर आलं तेव्हा त्यांनी निरोप धाडला, “हू द्या. पर मी लांब उबा ऱ्हाईन.”

लग्न झालं. जावई दीपक, सरळ पोरगा, वसमतला पाटबंधारे खात्यात. त्याची जीप तांड्याबाहेरच्या रस्त्यावर थांबलेली. ठरलं असं, की निलमनं चढावर गाडीत उभं राहून हवेली म्हणायची, आणि संपली की मी तिला तशीच रस्त्यापर्यंत न्यायचं, जीपमध्ये बसवायचं. एवढंच माझं काम.

निलम सीटवर चढली. फेटिया-कांचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, आरशांची ओढणी, कपाळावर पदर. हातब्रेक ओढलेला, गाडी जागची हलली नाही. तिनं दोन्ही हात वर केले आणि पहिला सूर लावला. वाढणाऱ्यांच्या हातातलं काम थांबलं. तांड्याचा निरोप घेतला, विहिरीचा घेतला, आईचा घेतला. अनुसया पदरात तोंड घालून बसली. याडीचे ओठ नातीबरोबर हलत होते. मग निलमनं बापाचं नाव घेतलं. स्टिअरिंग धरून मी समोर बघत होतो. इतके महिने मला एकच घोर होता, गाडी धड व्हावी. ती धड झाल्यावर काय होणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

हवेली संपली. निलम हात खाली घेऊन हळूच म्हणाली, “बापू, चला.”

मी किल्लीला हात लावला आणि काढून घेतला. “थांब,” म्हणालो, “मागं जरा गळल्यासारखं वाटतंय. बघतो.” आणि नव्या फेट्यासकट, नव्या धोतरासकट गाडीखाली शिरलो.

चाकं कोरडी ठणठणीत होती. मी तिथं उताणा पडून राहिलो आणि हमसून हमसून रडलो. वर लोकांची कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं तेल बदला, कोणी म्हणालं धक्का मारू. जगनराव लग्नाला आले होते. ते काय म्हणाले ते सांगायला नको.

शेजारी कोणीतरी सरपटत आलं. कादर होता. त्यानं डाव्या चाकाकडं बघितलं, उजव्या चाकाकडं बघितलं, बोट फिरवून वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं. मी तोंड वळवलं.

कादरनं ते कोरडं बोट सदऱ्याला पुसलं. मग मान बाहेर काढून, तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “तेल गळून राहिलंय! मेरा काम कच्चा निकला! कोनी घाई करू नका, टाइम लागेगा!” आणि आत येऊन माझ्या शेजारी तसाच उताणा पडला.

मग याडीचा आवाज आला, “म्हन गं पोरी. तवर पुन्ना म्हन, पयल्यापासून.”

आणि निलमनं परत सूर लावला.